रात्री बारा म्हणजे नेमकं कधी?

‘मुदत : सोमवार, ३ ऑगस्ट २०२६, ००:००.’

कॉलेजच्या ऑनलाइन पोर्टलवर अशी ओळ दिसली, की मराठी घरात वाढलेला विद्यार्थी ती ‘सोमवारी रात्री बारा’ अशी वाचतो. त्यात त्याची काही चूक नाही. रात्री साडेबाराला झोपायला जाणारा माणूस ‘रविवारी उशिरा झोपलो’ असंच म्हणतो, आणि आपल्या पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो. संगणकाचा वार मात्र मध्यरात्री बदलतो. त्याच्या लेखी सोमवार ००:०० म्हणजे सोमवारचा पहिला क्षण. विद्यार्थी सोमवारचा अख्खा दिवस हाताशी धरून बसतो आणि मुदत रविवारी रात्रीच संपून गेलेली असते. चोवीस तासांची ही चूक ना आळसाची, ना बेजबाबदारपणाची. ती पडद्यावरच्या चार आकड्यांची आहे.

हे ००:०० मुद्दाम कुणी टाकत नाही. मूडल हे जगभर वापरलं जाणारं, फुकट आणि खुलं शिक्षण-सॉफ्टवेअर. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ साली आली, आणि आपल्याकडच्याही असंख्य कॉलेजांत तेच चालतं. त्यात नवी असाइनमेंट तयार करायला घेतली, की मुदतीच्या रकान्यात आपोआप सात दिवसांनंतरची तारीख येते, आणि वेळ बहुधा मध्यरात्रीची. शिक्षक तारीख बदलतात आणि वेळेकडे बघत नाहीत. गूगल क्लासरूममध्ये नुसती तारीख टाकली तर वेळ रात्री ११:५९ धरली जाते. कॅनव्हास या आणखी एका शिक्षण-सॉफ्टवेअरमध्येही मूळची पद्धत तीच. म्हणजे हा प्रश्न अवघड नाही, दुसऱ्यांनी तो केव्हाच सोडवला आहे. इलाजही साधा आहे. आपोआप येणारी वेळ २३:५९ ठेवायची. कुणी हट्टानं ००:०० टाकलंच, तर जतन करण्याआधी विचारायचं, ‘म्हणजे रविवारी रात्री मुदत संपेल, चालेल?’ आणि विद्यार्थ्याला वेळ दाखवताना ‘रविवारी रात्री ११:५९ पर्यंत’ असं, ‘पर्यंत’ या शब्दासकट लिहायचं. त्या एका शब्दानं निम्मा घोळ मिटतो.

या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करायला कारण आहे. शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर तारीख ठरवणाऱ्याच्या बाजूनं आखलेलं असतं. ज्याला त्या तारखेपर्यंत काम करायचं आहे, त्याच्या बाजूनं ते कुणी आखलेलंच नाही. बाकीचे बहुतेक दोष यातूनच निघतात. आणि हा प्रश्न आता काही हौशी प्राध्यापकांपुरता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक (क्रेडिट) ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्समधून घेता येतात. म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या मागे कॉलेजचं मूडल, एखाद्या शिक्षकाचं क्लासरूम आणि वर ‘स्वयम्’, अशी तीन कॅलेंडरं. गुण आणि श्रेयांक या तारखांवर अवलंबून असतील, तर त्या कशा दाखवल्या जातात ही सजावटीची बाब राहत नाही.

रंगांचंच घ्या. मूडलच्या कॅलेंडरमध्ये नोंदींना रंग असतात, पण ते विषयाप्रमाणे नसतात, नोंदीच्या प्रकाराप्रमाणे असतात. साऱ्या साइटसाठीची नोंद एका रंगाची, विभागाची दुसऱ्या, कोर्सची तिसऱ्या, गटाची चौथ्या, स्वतःची पाचव्या. प्रशासकाला हा भेद महत्त्वाचा वाटणं स्वाभाविक आहे, कारण नोंद करण्याचा अधिकार कुणाला हे त्यावरून ठरतं. विद्यार्थ्याला त्याचं काय? त्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी ‘कोर्स’ या एकाच प्रकारात मोडतात. सहा विषय घेतले तरी सगळं कॅलेंडर एकाच रंगाचं. अर्थशास्त्र कुठलं आणि संख्याशास्त्र कुठलं, हे प्रत्येक नोंदीवर टिचकी मारून पाहायचं. रंग विषयाला हवा आणि तो सत्रभर बदलता कामा नये. सोबत विषयाची दोन-तीन अक्षरंही हवीत. लाल-हिरव्यात फरक न करता येणारी मुलं प्रत्येक वर्गात असू शकतात, आणि वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की कुठलीही माहिती नुसत्या रंगावर टांगू नये.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ या बाबतीत अजून सरस आहे. लाल आकडा म्हणजे सुट्टी, दुसरा अर्थ नाही. चौकटीत दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याची खूण, कामवाल्या मावशींची रजा, सगळं एकाच पेन्सिलीनं, आणि घरातल्या प्रत्येकाला वाचता येतं. संगणकाला यापेक्षा कितीतरी जास्त करता येतं हे खरं. पण निदान इतकं तरी यायला हवं.

मग येतो गर्दीचा प्रश्न. धरून चालू की विद्यार्थ्याचे सहा विषय आहेत आणि प्रत्येकात महिन्याला दोन असाइनमेंट, दोन क्विझ आणि आठ ऑनलाइन तास. क्विझची कॅलेंडरमध्ये दोनदा नोंद होते, उघडते तेव्हा आणि बंद होते तेव्हा. म्हणजे विषयामागे २ अधिक ४ अधिक ८, एकूण १४. सहा विषयांच्या झाल्या ८४. यातल्या ‘हे केलं नाही तर गुण जातील’ अशा किती? असाइनमेंट आणि क्विझ मिळून विषयामागे चार, म्हणजे २४. उरलेल्या ६० नोंदी या चोवीसांना झाकून टाकतात. सगळं दाखवलं म्हणजे माहिती दिली, अशी एक समजूत सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांत आहे. चोवीस महत्त्वाच्या गोष्टी चौऱ्याऐंशींत मिसळून देणं म्हणजे माहिती लपवणंच.

तास आणि मुदत या मुळात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. तासाला सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये एक तास जातो. मुदतीला लांबी नसते, ती एक रेघ असते. मूडल मुदत बाहेरच्या कॅलेंडरला पाठवतं तेव्हा तिची सुरुवात आणि शेवट एकच क्षण असतो. फोनवरच्या कॅलेंडरात ती रात्री ११:५९ला सुतासारखी चिकटलेली दिसते, दिवसाच्या पार तळाशी, जिथपर्यंत बोट सरकवून कुणी जात नाही. संध्याकाळी सहाचा क्लास ठळक दिसतो, रात्रीची मुदत दिसत नाही. मुदत दिवसाच्या माथ्यावर, तासांच्या रांगेबाहेर, स्वतंत्र पट्टीत दाखवली पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरात सण जसा चौकटीत वर छापतात, तशी.

शिवाय मुदत एक असते हाही भ्रमच. मूडलच्या एका असाइनमेंटला चार तारखा असतात : कधीपासून जमा करता येईल, मुदत कधी, दार कायमचं कधी बंद होईल, आणि शिक्षकानं तपासणी कधीपर्यंत संपवावी. विद्यार्थ्याला कॅलेंडरात यांपैकी फक्त दुसरी दिसते. तिसरी तारीख भरलेलीच नसेल, तर मुदतीनंतरही काम जमा होतं, फक्त त्यावर ‘उशिरा’ असा शिक्का पडतो. भरलेली असेल, तर त्या क्षणानंतर जमा करण्याची सोयच बंद होते. एकाला वाटतं मुदत गेली, आता काय उपयोग, आणि तो जमा करणं सोडून देतो. दुसऱ्याला वाटतं उशिरा चालतंय, आणि त्याच्यासमोर दार बंद होतं. दोघांचं नुकसान एकाच न दिसलेल्या तारखेमुळे. ‘मुदत रविवार, उशिरा चालेल बुधवारपर्यंत, गुण कापले जातील’ एवढी ओळ नोंदीतच असायला काहीच हरकत नाही.

आणि खूण. काम जमा केलं तरी महिन्याच्या कॅलेंडरात नोंद होती तशीच उभी राहते. मूडलच्याच ‘टाइमलाइन’ या वेगळ्या चौकटीतून जमा केलेलं काम निघून जातं, पण कॅलेंडर तिथल्या तिथे शांत. म्हणजे एकाच पानावर एक चौकट म्हणते ‘काही बाकी नाही’ आणि दुसरी अजून ‘मुदत’ म्हणून ओरडते. जमा झालेल्या कामापुढे बरोबरची खूण आणि फिकट अक्षरं, इतकंच हवं. नोंद काढून मात्र टाकू नये. केलेलं दिसलं की उरलेल्याचा अंदाज येतो.

आता फोन. आपल्याकडच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना हे कॅलेंडर दिसतं ते फोनवर, आणि महिन्याची चौकट तिथे सरळ सरळ हरते. नेहमीच्या अँड्रॉइड फोनची रुंदी वेबच्या मापानं साधारण ३६० पिक्सेल. सातानं भागलं की एका दिवसाला ५१. दोन्ही बाजूंची चार-चार पिक्सेलची मोकळी जागा वजा करा, उरतात ४३. वाचण्याजोग्या आकाराची देवनागरी अक्षरं यात चार, फार तर पाच मावतात. आता शिक्षकांनी नावं कशी दिलेली असतात? ‘असाइनमेंट १’, ‘असाइनमेंट २’, ‘असाइनमेंट ३’. चौकटीत सगळ्यांचं ‘असाइ…’ होतं. नेमका उपयोगाचा भाग कापला जातो आणि सगळ्यांत सामाईक तो भाग उरतो. म्हणून छोट्या पडद्यावर नावं काढून नुसते ठिपके ठेवण्याची पद्धत पडली. ठिपका ‘काहीतरी आहे’ इतकंच सांगतो, आणि काहीतरी आहे हे विद्यार्थ्याला आधीच माहीत असतं. ठिपक्यावर बोट नेमकं पडेल याचीही खात्री नाही. वेबच्या सुगम्यतेच्या तत्त्वांची २०२३ची आवृत्ती दाबायच्या जागेचं किमान माप २४ गुणिले २४ पिक्सेल सांगते, आणि ठिपका त्याच्या पाव भागाचाही नसतो.

फोनवर पहिली यादी, मग महिना. यादीचे भाग चारच : राहून गेलेलं, आज, या आठवड्यात, त्यानंतर. प्रत्येक ओळीत विषयाची अक्षरं, कामाचं नाव, वार, वेळ आणि ‘अजून ३ दिवस’ असं साध्या भाषेत. अंध विद्यार्थ्यासाठी तर यादीला पर्यायच नाही. ऑगस्ट २०२६ शनिवारी सुरू होतो आणि ३१ दिवसांचा आहे, त्यामुळे आठवडा रविवारी सुरू करा की सोमवारी, त्याला सहा ओळी लागतात. सहा साते बेचाळीस चौकटी. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्या एकेक करून ऐकायच्या, त्यातल्या कितीतरी रिकाम्या. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६मध्ये झाला. त्याचा अर्थ दारात उतरण बांधण्यापुरता घ्यायची सवय आपण सोडायला हवी.

मराठी आवृत्त्यांत आणखी एक गमतीदार आणि संतापजनक दोष भेटतो. वारांची नावं चौकटीच्या माथ्यावर बसवण्यासाठी प्रोग्रॅमर शब्दाचं पहिलं ‘अक्षर’ कापून घेतो. रोमन लिपीत हे निभतं. देवनागरीत संगणकाच्या दृष्टीनं पहिलं चिन्ह म्हणजे नुसतं व्यंजन. मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. त्यामुळे सोमवारचा होतो ‘स’, मंगळवारचा ‘म’, गुरुवारचा ‘ग’, आणि शुक्रवार व शनिवार दोघांचाही ‘श’. शेजारी शेजारी दोन ‘श’! मराठीत रूढ असलेली संक्षिप्त रूपं र, सो, मं, बु, गु, शु, श अशी आहेत, आणि भाषावार माहितीचा जो जागतिक साठा संगणक वापरतात त्यात ती तयार मिळतात. कापाकापी करायची गरजच नाही. पण भाषांतर म्हणजे शब्दांची यादी भरून देणं, या समजुतीतून हे घडतं. यादी भरली जाते, पडदा कुणी बघत नाही.

इथपर्यंत विद्यार्थ्याची बाजू झाली. पण तारखा चुकतात त्या जास्त करून शिक्षकाच्या टेबलावर, आणि तिथलं कॅलेंडर तर त्याहून दुबळं. शिक्षक दरवर्षी कोर्स नव्यानं बांधत नाहीत, गेल्या वर्षीचा उचलून पुढे आणतात. तसा आणताना कोर्स सुरू होण्याची तारीख बदलली, की सॉफ्टवेअर तितकेच दिवस सगळ्या तारखा पुढे सरकवतं. ऐकायला छान. आता हिशेब करा. २०२५चा कोर्स सोमवार, १६ जूनला सुरू झाला होता. २०२६साठी सवयीनं ‘१६ जून’च टाकली, तर सरक ३६५ दिवसांची, आणि सगळे वार एकेक घर पुढे. बुधवारची क्विझ गुरुवारी आणि शनिवारची मुदत रविवारी. १५ जून टाकली तर सरक ३६४ दिवसांची, म्हणजे बरोबर ५२ आठवडे, आणि वार जागेवर राहतात. ही गोष्ट शिक्षकाला सॉफ्टवेअरनं सांगायला हवी, सांगत नाही.

वार जुळले तरी सण जुळत नाहीत. २०२५मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १८ दिवस पुढे, १४ सप्टेंबरला गेली. २०२५मध्ये सोमवार, १५ सप्टेंबरला घेतलेली क्विझ ३६४ दिवसांनी पुढे सरकवली तर नेमकी १४ सप्टेंबरला, गणपती घरी यायच्या दिवशी पडते. मुंबईतली बरीच मुलं तेव्हा कोकणातल्या घरी, फोनला रेंज जेमतेम. गोव्यात तर चवथीला दुसरं काही सुचतच नाही. सॉफ्टवेअरला अधिक मास समजावून सांगायची गरज नाही. संस्थेनं सुट्ट्यांची यादी वर्षातून एकदा भरायची, आणि तारखा सरकवल्यावर शिक्षकासमोर एवढंच यावं : ‘३ नोंदी सुट्टीच्या दिवशी, २ नोंदी रविवारी. बदलायच्या?’ आजची गंमत अशी की सुट्ट्या कॅलेंडरात असतात, पण कॅलेंडरच्या दृष्टीनं सुट्टी हीसुद्धा आणखी एक नोंदच. तिचा मुदतीशी संबंध असू शकतो हे त्याला ठाऊक नसतं.

तारखा बदलायच्या म्हटल्या की आणखी कष्ट. वीस कामं असतील तर वीस वेळा फॉर्म उघडायचा, तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिटं असे पाच रकाने आणि तेही कामागणिक तीन-चार तारखांचे, जतन करायचं, मागे यायचं. सगळ्या तारखा एका तक्त्यात आणून एकदम बदलायची सोय मूडलला पुरवणी म्हणून जोडता येते, पण ती मूळ संचात नाही, आणि पुरवण्या जोडायला आपल्या अनेक कॉलेजांत माणूस नाही. ही सोय मुळातच हवी. नोंद ओढून दुसऱ्या दिवशी नेण्याची सोय मात्र मुळात आहे, आणि ती जरा भीतीदायकच. कॅलेंडरातली नोंद ओढली की असाइनमेंटची खरी मुदत बदलते. हात सुटला, माउस घसरला, की मंगळवारची मुदत बुधवारी. ओढल्यानंतर ‘मुदत मंगळवारऐवजी बुधवार केली. ४२ विद्यार्थ्यांना कळवायचं?’ असा एक प्रश्न आणि ‘पूर्ववत करा’ हे बटण हवंच. ज्यांना माउस धरता येत नाही अशा शिक्षकांसाठी तेच काम कीबोर्डनंही जमलं पाहिजे.

शिक्षकांच्याही एका सवयीबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर सगळं खापर सॉफ्टवेअरवर फुटेल. असाइनमेंटच्या वर्णनात ‘३ ऑगस्टपर्यंत जमा करावे’ असं वाक्य टाइप करणं ताबडतोब थांबवावं. तारीख रकान्यात बदलली तरी वाक्यातली बदलत नाही. पुढच्या वर्षी कोर्स पुढे आणला की ती तारीख शिळी होऊन तिथेच राहते. एखाद्या विद्यार्थ्याला आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे वाढीव मुदत दिली, तर कॅलेंडर त्याला त्याची स्वतःची तारीख दाखवतं, आणि खालचं वाक्य जुनीच. खरं काय, हे त्यानं कुणाला विचारायचं? तारीख एकाच जागी लिहिलेली असावी, आणि ती जागा म्हणजे रकाना.

घड्याळांचे प्रदेश हे आणखी एक दुखणं, पण भारतात ते बरंच सोपं आहे. आपल्याकडे एकच प्रमाणवेळ, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागे-पुढे करायचा उपद्व्याप नाही. तरीही चूक होते, कारण भाड्यानं घेतलेला सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतो आणि बसवणारा ती बदलत नाही. शिक्षकानं टाकलेलं २३:५९ भारतीय वेळेवर चालणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९ म्हणून दिसतं. असली विचित्र मिनिटं, विशेषतः शेवटी २९ किंवा ३०, दिसली की ओळखावं की सर्व्हरची वेळ चुकली आहे. परदेशी मुलं असलेल्या वर्गाला मात्र जास्त काळजी हवी. पुण्याहून संध्याकाळी सातला घेतलेला मराठीचा वर्ग न्यूयॉर्कमध्ये उन्हाळाभर सकाळी साडेनऊला असतो, आणि १ नोव्हेंबर २०२६ला तिथली घड्याळं मागे गेली की साडेआठला. दर आठवड्याचा तास कोणत्या गावच्या घड्याळाला बांधला आहे, हे नोंदीत लिहिलेलं असलं की वाद उरत नाही.

शेवटी तो बहुचर्चित ‘सिंक’. पोर्टल उघडून रोज कॅलेंडर पाहणारा विद्यार्थी दुर्मीळ, म्हणून तारखा फोनच्या कॅलेंडरात जाणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तिथेच सगळ्यांत जास्त खड्डे. पहिला खड्डा : फाइल उतरवून घेणं आणि दुव्याला वर्गणी लावणं (म्हणजे फोनचं कॅलेंडर त्या दुव्याला कायमचं जोडून ठेवणं) यातला फरक पडद्यावर सांगितलेलाच नसतो. फाइल म्हणजे त्या दिवशीचा फोटो. पुढे मुदत बदलली तरी फोनमध्ये जुनीच राहते, आणि विद्यार्थी शपथेवर सांगतो की ‘माझ्या कॅलेंडरात हीच तारीख होती’. तो खोटं बोलत नसतो. दुसरा : दुवा बनवताना ‘हा आठवडा’ किंवा ‘हा महिना’ निवडला, तर तेवढ्याच काळाच्या नोंदी येत राहतात. ३१ तारखेला उद्याचंही दिसत नाही. तिसरा : दुव्याच्या पोटात गुप्त किल्ली असते, आणि मूडलच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती पासवर्डाशी बांधलेली. पासवर्ड बदलला की जुना दुवा मुकाट मरतो. फोनवर काहीच उमटत नाही, फक्त नव्या नोंदी यायच्या थांबतात. चौथा : वर्गणी लावली तरी गूगलचं कॅलेंडर बाहेरचा दुवा आपल्या सवडीनं तपासतं, बदल पोचायला कित्येक तास जातात. म्हणजे दुपारी अलीकडे आणलेली मुदत त्याच रात्री फोनवर दिसेलच असं नाही.

या चौथ्या खड्ड्यावर तांत्रिक इलाज नाही, नियमाचा इलाज आहे. संस्थेनं लिहून ठेवावं की जाहीर झालेली मुदत पुढे ढकलता येईल, अलीकडे आणता येणार नाही. आणि पुढे ढकलली तरी जुनी तारीख आठवडाभर खोडलेल्या अवस्थेत नव्या तारखेशेजारी दिसत राहावी. रोज पंधरा सूचनांचा मारा करण्यापेक्षा संध्याकाळी एकच संदेश : उद्या काय, आज काय बदललं. ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या बहुतेक कोर्समध्ये साप्ताहिक असाइनमेंट बुधवारी रात्री ११:५९ला बंद होते. ही शिस्त कुठल्याही सूचनेपेक्षा जास्त काम करते. दोन आठवड्यांत ती अंगवळणी पडते आणि मग कॅलेंडर बघावंही लागत नाही. एका विभागातल्या सहा शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला बसून वार वाटून घेतले, तर याच्या निम्मं तरी साधेल. त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही, एक कागद पुरतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की कॉलेजातली मुलं मोठी आहेत, तारखा सांभाळायला त्यांनी शिकावं. जरूर शिकावं. पण तारखा सांभाळायला शिकवणं वेगळं आणि तारखा शोधायला लावणं वेगळं. परीक्षेचं वेळापत्रक आपण सूचनाफलकावर स्पष्ट छापतो. कोड्यात लिहून ‘शोधा म्हणजे जबाबदारी कळेल’ असं कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचं उत्तर निविदेत आहे. पोर्टल विकत घेताना किंवा बसवून घेताना आपण सर्व्हर किती, जागा किती, वापरणारे किती हे विचारतो, कॅलेंडर कुणी उघडूनही बघत नाही. पुरवठादाराला अर्धा दिवस बसवावं. त्याच्यासमोर ३६० पिक्सेल रुंदीचा साधा फोन ठेवावा, आणि उघडल्या उघडल्या, बोट न सरकवता, पुढची तीन कामं दिसतात का ते पाहावं. एका असाइनमेंटला ००:०० वेळ टाकून विद्यार्थ्याच्या पडद्यावर काय उमटतं ते पाहावं. मुदत बदलून फोनच्या कॅलेंडरात ती किती वेळानं बदलते, ते घड्याळ लावून मोजावं. एका विद्यार्थ्याला वाढीव मुदत द्यावी आणि बाकीच्यांना ती दिसत नाही याची खात्री करावी. माउस काढून घ्यावा आणि एक मुदत बदलायला सांगावी. मराठी निवडून वारांच्या ओळीत दोन ‘श’ येतात का बघावं. यात नापास होणाऱ्याला काय दुरुस्त करायचं ते लेखी द्यावं आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्या दुरुस्तीनंतर द्यावा.

आणि या सगळ्यासोबत परीक्षा विभागानं एक कलम घालावं, त्यावर वाद होईल हे गृहीत धरून : जी मुदत विद्यार्थ्याच्या कॅलेंडरात किमान सात दिवस आधी दिसत नव्हती, तिच्यावरून ‘उशिरा’ म्हणून गुण कापता येणार नाहीत. दिसत होती की नाही हे ठरवायला नोंद कधी झाली, कधी बदलली, कुणी बदलली याची नोंदवही सर्व्हर ठेवतोच. आज ती विद्यार्थ्याच्या विरोधात उघडली जाते, ‘तू ११:५९ नंतर ४ मिनिटांनी जमा केलंस’ हे दाखवायला. तीच वही त्यालाही उघडून पाहता आली पाहिजे.